घंटेचा नेम

“वळणावर आलात की घंटा वाजवत जा हो, म्हणजे मला कळेल तुम्हीच आलात,” नव्या संसारात बायको म्हणाली होती. पोस्टमनकाकांचा हा नेम चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाही.

ती टेकडीवरच्या शुश्रूषागृहात राहायला गेली, तेव्हापासून मात्र जुनी लोखंडी सायकल चढावर काकांच्या गुडघ्यांचा जीव काढू लागली. शेवटी जन्मभराची काटकसर बाजूला ठेवून त्यांनी दुकानातली सगळ्यात हलकी, कार्बनची सायकल निवडली. एका हाताने उचलून पाहिली, आणि खिशातून जुन्या सायकलची पितळी घंटा काढली.

“एवढी बसवून दे रे.”

दुकानदाराने कपाळाला हात लावला. “काका, ही घेणारे ग्रॅम-ग्रॅम वाचवतात. पाण्याची बाटलीसुद्धा अर्धीच भरतात. आणि तुम्ही ही धोंड गळ्यात बांधताय तिच्या?”

“असू दे रे. शर्यतीला थोडाच निघालोय? भेटीच्या वेळेला पोचलो म्हणजे झालं.”

“मग बसने जा की. अगदी दारात सोडते.”

घंटा बसल्यावर काकांनी ती रुमालाने पुसली, सायकल टेकडीच्या रस्त्याला वळवली आणि मग हळूच म्हणाले,

“बसने गेलो होतो परवा. मला म्हणाली, ‘तुम्ही बाजूला बसा, आमचे हे येतील एवढ्यात. घंटा वाजेलच.’”