बद्रीनाथची बाग

गावच्या एसटी थांब्यावर बद्रीनाथचं नाव आहे, देवळातल्या घंटेवरही आहे. थांबा सरकारनं बांधला आणि घंटा वर्गणीतून आली.

मोसंबीवरच्या नव्या रोगाचा नमुना न्यायला शास्त्रज्ञ आले, तेव्हा डागाळलेली फांदी त्यांनी शेजारच्या द्वारकाबाईंच्या बागेतून तोडली. बद्रीनाथनं साहेबांना घरी नेऊन पुरणपोळी खाऊ घातली आणि नमुन्याच्या कागदावर ‘बद्रीनाथची बाग’ असं लिहून घेतलं. द्वारकाबाईंनी रोगट फांद्या छाटून जाळल्या, रोग पसरवणाऱ्या बारीक कोळ्यांवर गंधक फवारलं आणि बाग निरोगी करून टाकली.

दोन वर्षांनी विषाणूची सगळी जनुकं वाचून झाली. कुठल्याच जुन्या कुळात तो बसेना, म्हणून त्याच्यासाठी नवं कूळ काढलं. पेपरात छापून आलं की हा विषाणू बद्रीनाथच्या बागेत सापडला. सोबत फेटा बांधलेला त्याचा फोटो. या बहाद्दरानं कात्रण फ्रेम करून ओसरीवर टांगलं आणि स्वतःच्याच खर्चानं सत्कार करून घेतला.

महिन्याभरात कृषी खात्याचा हुकूम आला, विषाणू जिथं सापडला ती बाग मुळासकट उपटून जाळा.

बद्रीनाथ धापा टाकत द्वारकाबाईंच्या अंगणात आला. "काकू, जल्दी चला अन् साहेबाला खरं सांगा. फांदी तुमची व्हती. माझ्या चारशे झाडांवर एक डाग न्हाई!"

द्वारकाबाईंनी शेंगा सोलता सोलता मान वर केली.



"असं कसं रे बद्री? पेपरात तर तुझाच फोटो आल्ता."