शुक्रवारची पिशवी

ऊन उतरू लागलं तसं सॅमसनकाकांनी तांदळाची कापडी पिशवी दाराबाहेर चपलांच्या कपाटावर ठेवली. दुपारी भाईंदरच्या बाजारातून आणलेली डाळ, गूळ आणि तेलाची बाटलीही आत होती. त्यांची बायको मोझेल गेल्यापासूनचा हा सातवा शुक्रवार.

ते आत वळणार तोच सोसायटीचा सेक्रेटरी परेश आला. जिन्यापाशी कालच बसवलेल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, आता टेन्शन नाय. पिशवी कोण उचलतं ते आज दिसेल."

"मला बघायचं नाही."

"अहो, दर शुक्रवारी कोणीतरी घेऊन जातं!"

"न्यायलाच ठेवतो."

परेश हसला. "आणि एखादा खात्यापित्या घरचा तुमच्या तांदळाची बिर्याणी करत असेल तर?"

"करू दे. मोझेल असती तर मसालाही ठेवला असता."

परेशचं हसू थांबलं. "दान करावं तर काकींनी," तो म्हणाला.

"दान म्हटलेलं तिला चालायचं नाही. आम्हा ज्यू लोकांत हे न्यायाचं काम. ती म्हणायची, ज्याला गरज आहे त्याचा वाटा आपल्याकडे राहून गेलाय, तो पोचता करायचा. माणूस कुठल्या जातीचा, कुठल्या देशाचा, विचारायचं नाही. पोटाला मिळणं हा त्याचा हक्क. आणि घेताना मान खाली घालावी न लागणं, हाही."

"पण कॅमेरा कमिटीनं लावलाय, काका. मी काय करू?"

"परेश, दिव्यांची वेळ झाली. येणाऱ्यानं तो कॅमेरा बघितला तर फाटकातूनच मागं फिरेल. घरी पोरं वाट बघत असतील त्याची."

काका आत गेले. स्टूल आणि औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी घेऊन आले.

"कुठं लागलं?" परेशनं विचारलं.

"मला वर चढवत नाही. तू लाव. तासाभरापुरती."

परेशनं कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "कमिटी मला शिव्या घालणार," असं पुटपुटत तो स्टुलावर चढला.

परेश गेल्यावर दार लावून काकांनी शब्बाथचे, शुक्रवारी सांजेला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावायला घेतले. मोझेल दोन्ही वाती एका काडीत पेटवायची. काकांना तीन काड्या लागल्या. तिच्यासारखेच डोळ्यांवर हात धरून ते उभे राहिले.

बाहेर पावलं वाजली. थांबली. तेलाची बाटली कपाटाला लागल्याचा आवाज आला.

काका दारापाशी गेले. बाहेरचं माणूस बघायला दारात बसवलेल्या काचेवर मोझेलनं अकरा वर्षांपूर्वी अशीच पट्टी चिकटवली होती. तिचा एक कोपरा सुटला होता.

काकांनी तो अंगठ्यानं दाबून धरला, पावलं फाटकाबाहेर जाईपर्यंत.