पंख्यातली पिशवी

होडीच्या पंख्यात अडकलेली ती पिशवी चांगुणाने नऊ वर्षं जपून ठेवली होती. त्या पिशवीमुळेच भर वादळात इंजिन बंद पडलं आणि तिचा नवरा बुडाला. आता पाण्यात पडण्याआधी प्लास्टिक शेवटचं कोणाच्या हातात होतं, ते ओळखणारं यंत्र बंदरावर आलं होतं.

"ज्याने फेकली, त्याला मरेपर्यंत खाडीतलं प्लास्टिक उपसायला लावीन," तिने सगळ्या कोळीवाड्याला बजावलं. तिने पिशवी यंत्रात ठेवली आणि कोणी मागे हटू नये म्हणून स्वतःचाच हात आधी यंत्रावर ठेवला.

लगेच दिवा लागला.

यंत्र चालवणारी मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, आत झेंडूच्या पाकळ्या आहेत. गणपतीचं निर्माल्य या पिशवीत बांधून तुम्हीच सोडलं होतंत."

चांगुणाने रिकामी टोपली उचलली, पदर खोचला आणि ती ओहोटीच्या चिखलात उतरली. तिला कोणीही अडवलं नाही.