एका नळीचं घर

जमीन तापवणारा बॉयलर बंद करायच्या बटणावर मालनामचं बोट होतं, पण दाबवत नव्हतं. आतल्या खोलीत तिचा नवरा दकसू पहाटेच वारला होता. भिंतीपलीकडच्या खोलीत तिची लेक हेजिन ओली बाळंतीण होती.

"वहिनी, दाबा आता," शेजारचा पिलगू दबक्या आवाजात म्हणाला. "मेलेल्या माणसाला कुणी गरम जमिनीवर ठेवतं का? गाव तोंडात शेण घालेल आपल्या."

"आणि पलीकडे ती? तिची हाडं अजून सांधली नाहीत. एकदा गार वारं शिरलं की जन्माचं दुखणं."

"मग एवढी एकच खोली बंद करा."

"तशी सोय कुठं ठेवलीय तुमच्या दोस्तानं?"

ही जमीन दकसू आणि पिलगू या दोघा दोस्तांनीच केली होती. पूर्वी प्रत्येक खोलीला वेगळी चूल असायची आणि तिचा धूर जमिनीखालून खेळायचा. चुलीच्या बाजूला पाय भाजायचे, दाराशी भांड्यातलं पाणी गोठायचं. फटींतून कोळशाचा वायू शिरून माणसं झोपेतच जायची. दकसूनं ते सगळं उखडून टाकलं. गरम पाण्याची एकच नळी दोन्ही खोल्यांखालून वळवत वळवत नेली आणि वर सिमेंट ओतलं. मग काय, येईल त्याला जमिनीवर हात ठेवायला लावायचा. "इथं ठेव. आता त्या कोपऱ्यात ठेव. आहे का फरक? धूर नाही, राख नाही, चूल फुंकणं नाही. पाहुणा असो की भिकारी, माझ्या घरात सगळ्यांच्या बुडाला सारखी ऊब!" पिलगूनं तेव्हाच सांगितलं होतं की खोलीगणिक वेगळी नळी टाक, तोटी लाव. दकसूनं त्याला वेड्यात काढलं. "लेका, एका घरात दोन हवामानं कशाला?"

बाहेर कंबरभर बर्फ साचला होता आणि घाट बंद होता. शववाहिका राहू द्या, जावईसुद्धा शहरात अडकून पडला होता.

"हेजिनला सांगितलंत?" पिलगूनं विचारलं.

"काय सांगू? बाप गेला म्हणून? दूध आटेल तिचं. आणि जमीन गार पडली की न सांगताच कळेल. आपल्याकडे खोली कधी गार करतात, ते काय तिला ठाऊक नाही?"

सकाळी ती लेकीला बाळंतिणीचं समुद्रशेवाळाचं सूप द्यायला गेली होती. बाबांचा आत्ताच डोळा लागलाय, असं सांगून आली. हेजिननं आतल्या खोलीच्या भिंतीकडे बघत सूप संपवलं. तेव्हापासून मालनाम तोंडात टॉवेलाचा बोळा धरून फिरत होती. नवरा गेला होता आणि गळा काढून रडायचीसुद्धा सोय नव्हती.

"बाहेर ओट्यावर नेऊ त्यांना," ती शेवटी म्हणाली.

"बर्फात? वहिनी, शरद संपायच्या आत दोन दोन बंड्या चढवणारा माणूस हा."

"मग मी काय करू? तुम्हीच सांगा ना भावजी, काय करू मी?"

पिलगूनं गादीची दोन टोकं धरली, दोन तिनं धरली. दकसू फार जड लागला. दारातून वळताना पिलगूचा तोल गेला आणि त्याचा खांदा भिंतीवर आपटला.

पलीकडच्या खोलीचं दार सरकलं. दारात हेजिन होती. अंगात नवऱ्याचा जाड कोट, डोक्याला लोकरी टोपी, पायांत मोज्यांवर मोजे. कोटाच्या आत बाळ छातीशी बांधलेलं.

"बाबांना आत ने, आई," ती म्हणाली. "आणि बटण दाब."

मालनामनं गादी खाली ठेवली आणि लेकीच्या गालाला हात लावला. त्या कढत खोलीत कोट घालून, आई कधी सांगते याची वाट बघत बसलेली हेजिन घामानं चिंब भिजली होती.