एका हाताची बाही

बस चालवणाऱ्या ड्रायव्हरबाईंच्या खिडकीकडच्या हातावरचा डाग वाढतच चालला, तेव्हा नवऱ्याने त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत कॅन्सर निघाला, पण अगदीच सुरुवातीचा. डॉक्टरांनी डाग काढून टाकला आणि बजावलं, "वेळेवर आलात म्हणून सुटलात. इतकी वर्षं हाच हात उन्हात भाजतोय. यापुढे तो झाकायचा."

गणवेश पडला अर्ध्या बाह्यांचा. नवरा शिंपी, त्याने उरलेल्या पडद्याच्या कापडातून फुलाफुलांची एकच लांब बाही शिवून दिली. ती पाहून डेपोत सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली.

"बाई, दुसरी धुवायला टाकली का?"

बाईही हसल्या आणि बस घेऊन निघाल्या.

तिसऱ्या दिवशी डेपो मॅनेजरांचं बोलावणं आलं. शर्टाचं एक बटण उघडं दिसलं तरी मेमो हातात ठेवणारा माणूस! बाई बाही न काढताच आत गेल्या.

"ती बाही काढा," साहेब म्हणाले.

"मेमो द्या साहेब, पण बाही निघणार नाही," बाईंनी एका दमात सांगून टाकलं.

साहेबांनी शांतपणे स्वतःच्या कफचं बटण सोडून बाही वर सरकवली. त्याच खिडकीकडच्या हातावर टाक्यांचा जुना व्रण होता.



"वीस वर्षं मीही बसच चालवलीय, बाई. मापाला हवी होती हो, साठ ड्रायव्हरांसाठी अशाच शिवून घ्यायच्यात."