डेपोशेजारचं माहेर

लग्नानंतर पहिल्यांदाच चार दिवस राहायला आलेली वैशू घरात पाऊल टाकताच तोंडाला पदर लावून मोरीकडे धावली आणि भडाभडा ओकली.

आईचा चेहरा उजळला. लेकीची पाठ चोळून तिने आधी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, मग बरणीतली चिंच आणून तिच्या पुढ्यात धरली. "किती दिवस झाले गं?"

"तसलं काही नाही, आई." वैशूने नाकावरचा पदर काढला नाही. "वास सहन होत नाहीये."

"कसला वास?"

वैशूने नुसतं खिडकीकडे पाहिलं. बाहेर डेपोत सगळ्या शहराच्या कचऱ्याचा डोंगर होता आणि गाड्या रोजच्यासारख्या रित्या होत होत्या. त्याच खिडकीपाशी बसून मायलेकी बावीस वर्षं एका ताटात जेवल्या होत्या.

आज वैशूच्या घशाखाली घास उतरला नाही. तीनच्या एसटीने ती परत निघाली. "आता तूच येत जा तिकडे," म्हणाली.

एसटी गेल्यावर आई खिडकीपाशी आली. डोंगराकडे तोंड करून तिने छाती भरून श्वास घेतला, पुन्हा घेतला. तिला फक्त स्वतःच्या बोटांना लागलेल्या चिंचेचा वास आला.