मिनियापोलिसचा बर्फ

“आला,” मल्लिनाथ म्हणाले आणि गिऱ्हाइकासमोर उलगडलेलं लुगडं तसंच सोडून टीव्हीकडे वळले.

अमेरिकेच्या नकाशावर वरच्या बाजूनं एक पांढरा पट्टा खाली सरकत होता. इकडे दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता आणि तिकडे बर्फ सुरू झाला होता. गादीच्या कडेला बसलेल्या आश्रुबानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. आश्रुबा मेंढपाळ. मेंढरं भावाच्या हवाली करून तो सकाळी वडवणीच्या बाजारपेठेत यायचा, तो मल्लिनाथांच्या कापड दुकानात हवामान बघायला.

“यंदा लवकर आला, आप्पा.”

“लई लवकर. पारा उणे आठावर गेलाय.”

“उणे म्हंजी पानी गोठतंय त्याच्याबी खाली ना?”

“त्याच्याबी खाली.”

आश्रुबानं मान डोलावली. “तिथले लोक मेंढरं कुठं कोंडत असतील?”

गावात केबल आली तेव्हा कुणाला क्रिकेटचं वेड लागलं, कुणाला सिनेमाचं. या दोघांना लागलं अमेरिकेतल्या थंडीचं. एका इंग्रजी वाहिनीवर जगभराचं हवामान दाखवत. मॅट्रिकच्या इंग्रजीवर मल्लिनाथांना गावांची नावं वाचता येत, आकडे कळत. कॅनडाकडून वारं कधी सुटतं, तळ्यांच्या अंगाला बर्फ जास्त का पडतो, रस्ते कुठले बंद झाले, यावर दोघं असे बोलत जसे बाकीचे निवडणुकीवर बोलतात. पेठेनं आधी टिंगल केली. पुढे रस्त्यानं जाणारा माणूसही सायकलवरूनच विचारायला लागला, “आप्पा, आज अमेरिकेत किती?” मल्लिनाथ आकडा सांगून मोकळे होत.

एवढ्या मोठ्या जगात त्यांची नजर नकाशावरच्या त्याच एका कोपऱ्यात का जाते, हे मात्र कुणी विचारत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं.

ईश्वरी त्यांची एकुलती एक मुलगी. औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकताना तिनं परजातीतल्या मुलाशी नोंदणी करून लग्न केलं. मल्लिनाथांनी भावकीसमोर सांगितलं, हा उंबरा तिला बंद. त्यानंतर त्यांनी तिचं नाव तोंडातून काढलं नाही. ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली, हेही त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांची बायको जगदेवी आपल्या भावाशी बोलताना मिनियापोलिस हे नाव तेवढं त्यांच्या कानावर पडलं होतं. पुढे एका सकाळी तेच नाव त्यांना टीव्हीवर ढगांखाली दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्ही घरातून उचलून दुकानात आणला.

आता पडद्यावर नकाशा गेला आणि चित्रं आली. गाड्या टपापर्यंत बुजल्या होत्या. तारा तुटून लोंबत होत्या. वाटेत अडकलेली काही माणसं गारठून मेल्याचं निवेदिका सांगत होती, आणि तिनं मिनियापोलिसचं नाव घेतलं. मल्लिनाथ उभे राहिले. लुगडं बघत बसलेली बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघून, “उद्या येते,” म्हणून निघून गेली.

“आप्पा,” आश्रुबा हळूच म्हणाला, “ईश्वरी तिथंच हाय न्हवं?”

त्या दुकानात ते नाव किती तरी वर्षांनी उच्चारलं गेलं. आपल्याला राग येईल असं मल्लिनाथांना वाटलं. आला नाही. दुकान आश्रुबावर सोडून ते मागच्या दारानं निघाले.

दुकानामागेच घर. जगदेवी चुलीपुढे भाकरी थापत होती. मल्लिनाथ दारातच थांबले. “तिचा नंबर हाय का?”

कुणाचा, असं जगदेवीनं विचारलं नाही. तिनं तवा उतरवला, हाताचं पीठ धुतलं, डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या पुढे चालायला लागली. स्टँडजवळच्या भावाच्या एसटीडी बूथवर तिनं स्वतः नंबर फिरवला. एवढा लांबलचक आकडा, पण तिचं बोट कुठंही अडलं नाही.

“मी बोलते. थांब, आप्पाला देते.” तिनं रिसीव्हर त्यांच्या हातात ठेवला.

वाटेत जुळवलेलं सगळं मल्लिनाथ विसरले. “मी हाय,” ते म्हणाले. “टीव्हीवर बघितलं. लई बर्फ पडलाय तिकडं. घराभाईर पाय ठिवू नको. अंगात उबेचं घाल कायतरी.”

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“आप्पा, आमी तिथं न्हाई आता. यांची नोकरी बदलली, दोन वर्षं झाली. कॅलिफोर्नियात राहतो. इथं बर्फ पडतच न्हाई. दारातल्या झाडाला लिंबं लागलीत.” लहान लेकराला समजवावं तसं ती बोलत होती. मध्येच थांबली. “तुमी रोज बघत व्हता?”

 गेल्या हिवाळ्यात, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, ज्या गावासाठी त्यांचा जीव खालीवर होत होता, तिथं ती नव्हतीच. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि जगदेवीकडे वळले.

“तुला ठावं व्हतं?”

“व्हतं.”

“मंग मला सांगितलं कावून न्हाई?”

जगदेवीनं भिंतीकडचं स्टूल ओढून त्यांच्यामागे ठेवलं, त्यांना बसून निवांत बोलता यावं म्हणून.

“सांगितलं असतं, तर तुमी तिच्याकडं बघनंच सोडलं असतं.”